साहेबाचे ओटे : विजयदुर्गच्या दोन ग्रहणांचे प्रकरण

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटण नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी विजयदुर्ग हे गाव आहे. गावच्या किल्ल्यात काही बांधीव ओटे आहेत आणि गाव त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणते. या ओट्यांविषयी आज जी हकिकत सर्रास सांगितली जाते ती थोडक्यात अशी : १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, त्या दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण लावून सूर्य पाहिला आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला. बातम्यांत, भाषणांत आणि सहलीला येणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या माहितीत हीच हकिकत असते, आणि तिच्याच आधाराने अलीकडे १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा केला जातो.

माझे बालपण या गावात गेले, या ओट्यांवर आम्ही खेळलो, आणि म्हणूनच ही हकिकत नीट तपासून मांडावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. तपासाअंती माझे मत असे झाले आहे की गावाची मूळ आठवण खरी आहे, मात्र तिला जोडले गेलेले साल आणि श्रेय या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. ओट्यांवरचा साहेब खरोखर आला होता, तो लॉकियरच होता, परंतु तो १८६८ मध्ये नव्हे तर १८९८ मध्ये आला होता. या तीस वर्षांच्या फरकाने गावाचे काहीही हिरावले जात नाही, उलट बरेच काही पदरात पडते, हे दाखवण्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

गाव आणि त्याचे ऋतू

विजयदुर्गचा राजकीय इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, त्यामुळे तो इथे दोन-चार वाक्यांतच सांगतो. किल्ल्याची मूळ बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातली मानली जाते. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, त्याची तटबंदी वाढवली आणि त्याला आजचे नाव दिले. त्याआधी, आणि इंग्रजांच्या कागदांत त्यानंतरही, तो घेरिया म्हणून ओळखला जाई. आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला, त्या वेळी बंदरात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. पुढे त्याच वर्षी किल्ला पेशव्यांकडे आला, धुळपांच्या हाताखाली तिथे पुन्हा आरमार उभे राहिले, आणि १८१८ मध्ये तो कायमचा इंग्रजांच्या ताब्यात गेला.

या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. विजयदुर्गचे बंदर आडोशाचे आहे. खाडीच्या मुखाशी किल्ल्याच्या आतल्या अंगाला मोठे जहाज निर्धास्त नांगर टाकू शकते, आणि रस्ते धड नव्हते त्या काळात गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध येई तो मुख्यतः समुद्रमार्गे. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरे घेत खाली जात, त्यांत विजयदुर्गही असे. मात्र हा सगळा व्यवहार ऋतूच्या हुकमाने चाले. आगोट लागली की बोटी बंद होत, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाहायचे ते केवळ पाहण्यापुरते.

किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला पंचांग वेगळे शिकवावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी पडवीच्या पश्चिमेकडच्या बाजूला माडाच्या झावळ्यांच्या झडी बांधल्या जात आणि त्या बांधल्या की घरात दिवसाही काळोख होई. श्रावणात किल्ल्यावर गेलो तर तटावरचे चिरे शेवाळाने इतके निसरडे झालेले असत की मोठी माणसे आम्हाला दरवाजातूनच परत फिरवत. ओट्यांभोवती गुडघाभर गवत माजलेले असे, त्यावर पाणी साचलेले असे, आणि पाऊस समुद्राकडून आडवा येत असल्यामुळे इरल्याचा किंवा छत्रीचा काही उपयोग होत नसे. मध्येच दोन घटका ऊन पडे, त्याने गवत चमकून उठे, आणि क्षितिजावर पुढची सर काळी होऊन उभी असलेली दिसे. याउलट पौषात सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटलेला असे, सड्यावरच्या आंब्यांना मोहोर धरलेला असे, गवत वाळून पिवळे पडलेले असे, आणि आकाशात दिवसच्या दिवस ढगाचा ठिपकाही दिसत नसे. लगोरी आणि डबा ऐसपैस हे ओट्यांवरचे खेळ त्या दिवसांतले. ओट्यांच्या कडा आणि पायऱ्या आमच्या इतक्या पायाखालच्या होत्या की तिन्हीसांजेलाही कोणी ठेचकाळत नसे.

हे सारे इथे सांगण्याचे कारण आठवणींचा जिव्हाळा एवढेच नाही. १८ ऑगस्ट १८६८ हा दिवस मंगळवार होता आणि तिथी होती श्रावणी अमावास्या. नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडाच झाला होता. ज्याने विजयदुर्गचा श्रावण पाहिला आहे त्याच्या मनात पहिलाच प्रश्न येतो तो हा, की सूर्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाचे सुटे केलेले रंग, टिपण्यासाठी नाजूक काचेची यंत्रे पेटाऱ्यांत भरून, पावसाळी समुद्रातून आणून, या ओट्यांवर कोणी का मांडील? प्रश्न साधा आहे, पण हकिकतीचा पहिला टाका त्यानेच उसवतो.

१८६८ मध्ये कोण कुठे होते

ग्रहण झाले यात शंका नाही, आणि ते साधेसुधे नव्हते. एडनपासून सयामपर्यंत पोहोचलेल्या त्याच्या पट्ट्यात काही ठिकाणी सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला गेला होता. हिंदुस्थानात हा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून शिरून विजापूर, गुंटूर असा मछलीपट्टणपर्यंत गेला, आणि विजयदुर्गचा किनाराही त्याच्या आत येत होता. म्हणजे त्या सकाळी विजयदुर्गवर काळोख पसरला असला पाहिजे. सूर्य मात्र दिसला की ढगाआडच राहिला, ते त्या दिवशीच्या आभाळावर अवलंबून.

निरीक्षकांनी आपापले तळ कुठे टाकले होते याच्या नोंदी स्पष्ट आहेत. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते. मेजर टेनंट यांचा गटही गुंटूरलाच होता. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला गेले होते, आणि त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथून ग्रहण पाहिले. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते. घाटावर असूनही त्यांना ढगांनी छळले आणि ढगांच्या फटींतूनच काम उरकावे लागले. कॅप्टन हेग विजापूरला होते. यांतल्या कोणीही कोकणपट्टी निवडली नाही. पावसाच्या भीतीने सह्याद्रीच्या पलीकडे जितके सरकता येईल तितके सरकायचे, हे सर्वांचेच धोरण दिसते, आणि ते अगदी रास्त होते.

आता लॉकियर. १८६८ मध्ये ते बत्तीस वर्षांचे होते, इंग्लंडमध्ये युद्धखात्यात कारकुनी करत होते आणि फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करत होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला वर्णपटदर्शकातून दिसू शकतील, असा त्यांचा तर्क होता. परंतु त्यासाठी मागवलेले यंत्र तयार व्हायला उशीर लागला आणि ते ऑक्टोबरमध्ये हाती आले. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधूनच त्या ज्वालांच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा पाहिल्या. इकडे जान्सेन यांनी तीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूरला साधली होती, पण त्यांचे पत्र पोहोचायला वेळ लागला आणि दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. हा योगायोग फ्रेंच सरकारला इतका भावला की १८७२ मध्ये त्याने एकाच पदकावर दोघांचे मुखवटे कोरून घेतले.

हेलियमचे नाव या साऱ्यात कुठे येते, तेही नेमके पाहिले पाहिजे, कारण ‘अमुक दिवशी शोध लागला’ असे म्हणण्याच्या सवयीने बराच घोळ केला आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वर्णपटात ठरावीक जागीच पडतात. ग्रहणाच्या वेळी अनेकांनी ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा पाहिली होती, पण ती सोडियमच्या सुप्रसिद्ध जोडरेषांच्या इतकी लगत होती की ती सोडियमचीच असावी असे समजले गेले. ती सोडियमची नाही, किंचित बाजूला आहे, हे लॉकियर यांनी ग्रहणानंतर केलेल्या निरीक्षणांतून ठरले. पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याही पदार्थाशी ती जुळेना, तेव्हा सूर्यावर एखादे नवे मूलद्रव्य असावे असे अनुमान निघाले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. अनेक रसायनतज्ज्ञांनी ते बराच काळ मानले नाही. १८९५ मध्ये रसायनतज्ज्ञ विल्यम रॅम्झी यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली, तेव्हा कुठे हा वाद मिटला. तात्पर्य, हेलियमच्या शोधाला एकच दिवस, एकच माणूस आणि एकच जागा देता येत नाही, आणि त्यातल्या कोणत्याही टप्प्यावर विजयदुर्ग येत नाही.

लॉकियर हिंदुस्थानात आले ते १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि तेव्हा त्यांचा तळ होता मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्याजवळ. समुद्रकाठचा किल्ला, खग्रास ग्रहण आणि लॉकियर ही सांगड पहिल्यांदा पडली ती तिथे, विजयदुर्गला नव्हे.

१८९८ : साहेब आला तेव्हा

२२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गच्या परिसरातून जमिनीवर शिरला आणि ईशान्येकडे सरकत जेऊर, पुलगाव, बक्सर असा हिमालयाकडे निघून गेला. खग्रास स्थितीचा काळ १८६८ च्या मानाने फारच कमी होता, दोन मिनिटांच्या आसपास. पण ऋतू असा होता की आकाश स्वच्छ मिळण्याची जवळजवळ खात्रीच. म्हणूनच त्या वर्षी जगभरातले गट हिंदुस्थानात आले. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळ होता, आणि तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीही आपल्या गटासह निरीक्षणे केली. मुंबई-पुण्याकडे प्लेगचा कहर चालू असतानाचे हे दिवस आहेत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लॉकियर आता एकसष्ट वर्षांचे होते, आदल्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता, आणि त्यांनी विजयदुर्ग निवडले. या निवडीमागची कारणे त्या बंदराकडे पाहिले की आपोआप उमगतात. त्यांना यंत्रे पुष्कळ आणायची होती आणि ती चालवायला माणसेही पुष्कळ हवी होती. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८९६ मध्ये, नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे त्यांनी ब्रिटिश आरमाराच्या ‘व्होलेज’ या जहाजावरील नौसैनिकांना हाताशी धरून असाच मोठा तळ उभारला होता, आणि ऐन वेळी ढगांनी सगळ्या तयारीवर पाणी फिरवले होते. ती पद्धत त्यांना सोडायची नव्हती. या वेळी ‘मेलपोमिनी’ ही आरमाराची क्रूझर त्यांच्या दिमतीला होती. ती खाडीच्या आडोशाला नांगरून ठेवता येत होती, पेटारे थेट किल्ल्याजवळ उतरवता येत होते, आणि जहाजावरील अधिकारी व खलाशी यांच्याकडून ग्रहणाच्या क्षणाचा सराव करून घेता येत होता. लॉकियर यांच्याबरोबर अल्फ्रेड फाउलर हे वर्णपटाचे जाणकार होते आणि त्यांचे स्वतःचे चिरंजीव विल्यम लॉकियर हेही होते.

ओटे लागतात ते इथे. या मोहिमेचा भर डोळ्यांनी पाहण्यापेक्षा छायाचित्रांवर होता, आणि मुख्य यंत्र म्हणजे भिंगापुढे लोलक बसवलेला कॅमेरा. त्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. खग्रास स्थिती सुरू होण्याच्या क्षणी सूर्याची प्रखर तबकडी झाकली जाते आणि तिच्याभोवतीच्या तप्त वायूच्या थराची, म्हणजे वर्णगोलाची, एक बारीक कोर तेवढी दिसत राहते. या कोरीचा प्रकाश लोलकातून गेला की तो ज्या ज्या मूलद्रव्यांतून निघालेला असतो त्या प्रत्येकाच्या रंगाच्या जागी कोरीची एकेक वेगळी प्रतिमा उमटते, आणि छायाचित्राच्या काचेवर कमानींची एक रांग तयार होते. हायड्रोजनची कमान वेगळी, कॅल्शियमची वेगळी, हेलियमची वेगळी. हा खेळ काही सेकंदच चालतो. त्या सेकंदांत कॅमेरा केसभर जरी हलला तरी कमानी फिसकटतात आणि हजारो कोसांवरून आणलेली काच वाया जाते. म्हणून अशा कामाला जमिनीत घट्ट बसलेली, वाऱ्याने आणि माणसांच्या वर्दळीने न हालणारी, सपाट बैठक लागते. किल्ल्यातले ओटे कशासाठी, या प्रश्नाचे सरळ उत्तर मला १८९८ च्या या यंत्रांत मिळते. १८६८ मध्ये गुंटूरला किंवा जमखंडीला झालेले वर्णपटाचे काम डोळा वर्णपटदर्शकाला लावून केलेले होते. इतक्या जड कॅमेऱ्यांचा पसारा तेव्हा नव्हता.

ग्रहणाच्या दिवशी आकाश निरभ्र राहिले आणि नॉर्वेला जे हुकले ते इथे साधले. विजयदुर्गला टिपलेल्या वर्णपटांचा अहवाल लॉकियर यांनी पुढे रॉयल सोसायटीला सादर केला, आणि त्यात गावाचे नाव त्या काळच्या इंग्रजी धाटणीने ‘व्हिझियाद्रुग’ असे आहे. जुन्या कागदांत शोध घेणाऱ्याने हे रूप ध्यानात ठेवले नाही तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही.

दोन ग्रहणे एकात कशी मिसळली

एखाद्या ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांत एकदा दिसते, असे खगोलशास्त्रज्ञांचे गणित सांगते. विजयदुर्गच्या वाट्याला तीस वर्षांच्या आत दोन आली. १८९८ मध्ये चाळिशीत असलेल्या प्रत्येक माणसाने लहानपणी श्रावणातला तो भर सकाळचा अंधार अनुभवलेला असणार, आणि आता पौषातला दुपारचा अंधार तो दुसऱ्यांदा अनुभवत होता. अशा गावात पुढच्या पिढ्यांपर्यंत ‘गिराण’ (ग्रहण) पोहोचले ते एकच होऊन, यात नवल नाही. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

ग्रहणाची आठवण माणसाच्या मनात कशी राहते, याचा थोडासा अनुभव माझ्या पिढीलाही आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्याकडून गेला आणि आमच्याकडे सूर्याचा फारच थोडा भाग शिल्लक राहिला. तोही शनिवारच होता. घराघरांतून पाण्याच्या कळशांत आणि दुधात तुळशीची पाने घातलेली होती, चुली विझवलेल्या होत्या, गरोदर बायकांना कोनाड्याच्या खोलीत बसवले होते, आणि आम्हा मुलांना बाहेर पडायची सक्त मनाई होती. पडवीच्या कडेला बसून मला जे दिसले ते अजून स्वच्छ आठवते : अंगणातल्या फणसाखाली एरवी उन्हाचे गोल कवडसे पडत, त्यांच्या जागी शेणाने सारवलेल्या जमिनीवर असंख्य चंद्रकोरी पसरल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या, आणि वारा आला की सगळ्या एकदम थरथरत. ऊन पिवळे राहिले नव्हते, जस्ताच्या पत्र्यासारखे करडे झाले होते. बगळे खाडीवरून परतू लागले. ग्रहण सुटल्यावर सारा गाव आंघोळीला समुद्रावर लोटला. आज मला त्या दुपारच्या या सगळ्या गोष्टी दिसतात, पण ते साल मात्र मला पुढे छापील मजकुरातून कळले. आठवण चित्र जपते, सनावळी जपत नाही.

ओट्यांच्या बाबतीतही नेमके हेच घडले असावे. आमच्या लहानपणी वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी जी गोष्ट होती तिच्यात साहेब होता, दुर्बीण होती, ग्रहण होते. “हयसर सायबान दुर्बीण लायल्यान” एवढेच सांगून म्हातारी माणसे ओट्याकडे बोट दाखवत. तिच्यात सन नव्हता आणि हेलियमही नव्हता. या दोन्ही गोष्टी नंतर, वाचन वाढल्यावर, बाहेरून आल्या. लॉकियर हे नाव कळले, त्या नावापुढे प्रत्येक पुस्तकात हेलियम आणि १८६८ हे दोन शब्द लिहिलेले सापडले, आणि ओट्यांवरचा लॉकियर म्हणजे हेलियमवाला लॉकियर हे बरोबर समीकरण मांडून पुढची चुकीची पायरी सहजच चढली गेली. हे कोणी मुद्दाम केले असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीला तारीख नाही तिला तारीख द्यावी ही सुशिक्षित माणसाची स्वाभाविक ओढ असते, आणि जवळ पडलेली तारीख तो उचलतो.

यावर एक आक्षेप संभवतो व तो विचारात घेतला पाहिजे. १८६८ मध्ये विजयदुर्गवर कोणी तरी सरकारी अंमलदार किंवा जहाजाचा कप्तान ग्रहण पाहायला उभा नव्हता कशावरून? तसे कोणी असणे अशक्य नाही. गाव पट्ट्यातच होते. पण तसा कोणी असला तरी तो लॉकियर नसतो, त्याने पाहिलेल्या अंधारातून हेलियमचा शोध निघत नाही, आणि त्याच्यासाठी बांधीव ओट्यांची गरज पडत नाही. आक्षेप मान्य केला तरी प्रचलित हकिकतीचा एकही भाग त्याने सावरला जात नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि त्याचा मी अधिक आदर करतो. गावातल्या तरुणांनी ही गोष्ट अभिमानाने उचलली आहे, तिच्या निमित्ताने किल्ल्याकडे लोकांचे लक्ष वेधले आहे, शाळकरी मुलांना वर्णपट म्हणजे काय हे सांगितले जात आहे. मग साल कशाला उकरायचे? माझे म्हणणे असे की ज्या दिवशी बाहेरचा एखादा जाणकार उभा राहून ‘लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते’ एवढे एकच वाक्य उच्चारील, त्या दिवशी ही सगळी उभारणी एका फटक्यात खोटी ठरेल, आणि तिच्याबरोबर ओट्यांची खरी कथाही लोक खोटीच समजतील. ती खरी कथा मुळीच हलकी नाही. ज्याने हेलियमला नाव दिले तो माणूस, ते मूलद्रव्य पृथ्वीवर सापडल्यानंतर तीनच वर्षांनी, उतारवयात या खाडीत उतरला. त्याच्या माणसांनी या ओट्यांवर यंत्रे रोवली. आणि वर्णगोलाच्या ज्या कमानी काचेवर उतरवायला ते आले होते त्यांत हेलियमच्याही कमानी असतात. हेलियमचा प्रकाश विजयदुर्गला टिपला गेला असे म्हणायला पूर्ण आधार आहे. शोध लागला असे म्हणायला मात्र नाही.

पुढे काय करावे

काम फार मोठे नाही. पहिले म्हणजे ओट्यांची मोजणी : प्रत्येक ओट्याची लांबी, रुंदी, उंची, दिशा आणि एकमेकांपासूनचे अंतर, किल्ला केंद्रसंरक्षित असल्यामुळे पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घेऊन, नकाशावर आणले पाहिजे. त्यानंतर १८९८ च्या अहवालातील यंत्रांच्या वर्णनाशी ती मापे ताडून पाहता येतील आणि कोणत्या ओट्यावर कोणते यंत्र बसत असेल हे सांगता येईल. हे तरुण अभियंत्यांनी एखाद्या हिवाळ्यात सहज करण्याजोगे आहे. दुसरे म्हणजे गावातल्या आणि गिर्ये, रामेश्वर, वाडा या आसपासच्या गावांतल्या वृद्धांकडे ओट्यांविषयी आणि बोटींविषयी जे काही ऐकीव उरले आहे ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यात सन घालण्याचा मोह आवरावा आणि सन दुसऱ्या रकान्यात लिहावा.

तिसरी गोष्ट ओट्यांजवळच्या माहितीची. तिथे मजकूर लावायचा झाला तर तो असा असावा असे मी सुचवतो : “२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी सर नॉर्मन लॉकियर यांच्या मोहिमेने विजयदुर्ग येथे तळ दिला होता. हेलियम या मूलद्रव्याला नाव देणारे शास्त्रज्ञ ते हेच. १८ ऑगस्ट १८६८ च्या ज्या ग्रहणापासून हेलियमच्या शोधाला चालना मिळाली, तेही या गावावरून गेले होते.” या तीन वाक्यांतला शब्द न् शब्द टिकणारा आहे, आणि दोन्ही ग्रहणे त्यांत आपापल्या जागी बसतात.

ऑगस्टमधला कार्यक्रम बंद करावा असेही मला वाटत नाही, कारण तो हेलियमचा दिवस म्हणून साजरा करायला हरकत नाही. तो ओट्यांचा दिवस म्हणून साजरा होऊ नये एवढेच. ओट्यांचा दिवस २२ जानेवारीला धरावा. त्या सुमारास शाळा भरलेल्या असतात, तटावरचे चिरे कोरडे असतात, आकाश मोकळे असते, आणि दुपारच्या वेळी मुलांना ओट्यांवर बसवून, जुन्या सीडीच्या तुकड्यापासून आणि पुठ्ठ्याच्या डब्यापासून केलेल्या वर्णपटदर्शकातून दिव्यांच्या आणि आकाशाच्या उजेडाचे रंग दाखवता येतात. सूर्याकडे थेट पाहायचे नाही ही सूचना तेवढी पुन्हा पुन्हा द्यावी.